थंडीतला समुद्र

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त रविवार, २३ नोव्हेंबर २०२५ रोजी गच्चीवर झालेल्या सभासदांच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर कराओके आहे, त्यामुळे एकविसावं मिनिट मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. विषयही त्यांनीच ठरवला. फोर्टमधल्या एका प्रवासी कंपनीत बुकिंगच्या टेबलावर माझी एकतीस वर्षं गेली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दिवाळीचे कंदील उतरले की लिफ्टमध्ये, मेडिकलच्या दुकानात, रिक्षाच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला जातो : "काका, थंडीत चार दिवस कुठे जाऊ? समुद्र पाहिजे, पण जरा चांगलं पाहिजे."

हे 'जरा चांगलं' म्हणजे लक्झरी. पण तो शब्द आपल्याकडे उच्चारायची चोरी आहे, कारण गावाहून आलेल्या माणसाला विचारलं, "कसा आलास?" तर तो म्हणतो, "लक्झरीने आलो," म्हणजे रात्रभर मान अवघडून, पायाशी तांदळाची गोणी घेऊन आलो! तर आज मी या 'जरा चांगल्या'बद्दल बोलणार आहे.

तुम्ही सगळे शाली-स्वेटर घालून बसला आहात. बदलापूरची थंडी आता पेपरातही येते. कुलाब्याला पारा २० च्या आसपास असतो तेव्हा आपल्याकडे तो १०-१२ पर्यंत उतरतो. अंतर रेल्वेने ६८ किलोमीटर. कारण साधं आहे. माती लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. पावसाळ्यानंतर आकाश निरभ्र झालं की रात्री आपल्या जमिनीतली ऊब सरळ वर निघून जाते आणि डोंगराच्या पायथ्याशी गार हवा साचून राहते. समुद्राकाठच्या माणसाला मात्र समुद्र रात्रभर शेकोटीसारखा शेकत असतो. जानेवारीत गोव्यात दुपारी ३२-३३, पहाटे २० अंश, आणि समुद्राचं पाणी २७-२८. म्हणजे पहाटे हवेपेक्षा पाणी उबदार. पावसाळ्यात खवळलेला समुद्र या दिवसांत तळ्यासारखा पडलेला असतो, हवा कोरडी असते, घामाची चिकचिक नसते. आपल्या किनाऱ्याचा वर्षातला सगळ्यात उत्तम काळ कोणता, तर डिसेंबर ते फेब्रुवारी.

आणि नेमके त्याच काळात आपण तिकडे नसतो.

आपल्या सोसायटीत निम्मी घरं तरी रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडची. आपण गावी जातो कधी? गणपतीत, म्हणजे भर पावसात. शिमग्याला, म्हणजे उन्हाळा लागल्यावर. आणि मे महिन्यात, म्हणजे अंगाची लाही होत असताना. फार तर एखाद्या जत्रेला एक रात्र. थंडीतलं गाव आपल्यापैकी कित्येकांनी शाळा सोडल्यानंतर पाहिलेलंच नाही.

हे असं का झालं, याचा मी टेबलावर बसून बराच विचार केला, कारण समोर परदेशी माणसं नेमकी उलटी मागणी घेऊन यायची. थंडीत ऊबदार समुद्राकडे जायची रीत युरोपातल्या श्रीमंतांची. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस नावाचं गाव आहे. तिथे इंग्रज उमराव अठराव्या शतकापासून हिवाळा काढायला जात. त्यांच्या पैशातून १८२० नंतर तिथे समुद्रालगत फिरायचा रस्ता बांधला गेला, त्याचं नावच 'इंग्रजांचा फेरफटका' असं आहे. व्हिक्टोरिया राणी १८९५ पासून १८९९ पर्यंत तिथे जाऊन राहत असे. डॉक्टर क्षयाच्या रोग्यालाही तिकडे धाडत. गंमत म्हणजे तेव्हा तिथली हॉटेलं उन्हाळ्यात बंद असायची! उन्हाळ्यात समुद्रावर लोळायची फॅशन पहिल्या महायुद्धानंतरची.

तेच इंग्रज इथे आले आणि त्यांना उलटा त्रास झाला. त्यांना थंडी नको नव्हती, उन्हाळा नको होता. मग ते डोंगरावर चढले. आपल्या शेजारचं माथेरान १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी शोधलं म्हणतात (तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना ते हरवलेलं वाटत नव्हतं, तो भाग वेगळा). १९०७ मध्ये गाडी सुरू झाली. आपल्या शाळा-कचेऱ्यांनी सुट्टीचं कॅलेंडर साहेबाकडून घेतलं. मे महिना म्हणजे सुट्टी, सुट्टी म्हणजे थंड हवेचं ठिकाण. समुद्र या यादीत बसलाच नाही. कोकणातल्या माणसाला समुद्र म्हणजे पोटापाण्याचा धंदा. नारळ वाहायचा, नमस्कार करायचा आणि कामाला लागायचं. त्याच्यासमोर खुर्ची टाकून नुसतं बसायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

गोव्याने ते सांगितलं. १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. साठीच्या दशकाअखेरी हणजुण्याला हिप्पी येऊ लागले, त्यांच्याकडे पैसा नव्हता पण वेळ भरपूर होता. १९७४ मध्ये टाटांच्या ताज कंपनीने आग्वादच्या किल्ल्याला लागून रिसॉर्ट बांधलं. आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर पंचतारांकित समुद्रसुट्टी तिथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रकुल परिषदेतले पंतप्रधान-राष्ट्राध्यक्ष विश्रांतीला तिथेच उतरले होते. इंदिराबाई यजमान, पाहुण्यांत थॅचरबाई. १९८७ पासून जर्मनीहून चार्टर विमानं थेट दाबोळीला उतरू लागली. मग ब्रिटिश, मग रशियन. ऑक्टोबर ते मार्च हा 'सीझन'.

मी एकदा एका रशियन बाईंना विचारलं, इतका पैसा खर्चून तुम्ही बघता काय इथे? त्या म्हणाल्या, "ऊन." मॉस्कोत डिसेंबरात दिवस सात तासांचा असतो. आपण ज्याला टाळायला छत्री घेतो ते विकत घ्यायला ही माणसं हजारो किलोमीटर येतात. सीझन असा परक्यांवर टेकलेला असला की काय होतं तेही पाहिलं. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमधली थॉमस कुक बुडाली (आपल्याकडच्या त्याच नावाच्या कंपनीचा तिच्याशी संबंध नव्हता) आणि त्या हिवाळ्यात तिची विमानं आली नाहीत. मग करोना. मग रशिया-युक्रेनचं युद्ध. रिकाम्या खोल्या कोणी भरल्या? तुम्ही-आम्ही. मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरूच्या लोकांनी. आता गोव्याच्या डिसेंबरचा भाव आपणच चढवतो.

भावावरून आठवलं. सरकारच्या लेखी लक्झरी म्हणजे काय, हे पाहायचं असेल तर जीएसटी बघा. यंदाच्या २२ सप्टेंबरपासून खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर, एक रुपया वर गेला की १८ टक्के. म्हणून खोली आठ हजारांची सांगितली तर एकदा विचारून बघा, साडेसातात बसते का. फरक पाचशेचा दिसतो, पण बिलात साडेपंधराशेच्या वर निघतो. आणखी एक. 'सी फेसिंग', 'सी व्ह्यू' आणि 'पार्शल सी व्ह्यू' हे तीन वेगळे प्रकार आहेत. तिसऱ्यात बाथरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढावी लागते. आणि २४ डिसेंबर ते २ जानेवारी या दहा दिवसांत कृपा करून कुठेही जाऊ नका. तीच खोली, तीच चादर, तोच वेटर, फक्त भाव दुप्पट आणि वेटर वैतागलेला. संक्रांत झाली की पंधरा दिवस थांबा, मधल्या वारी जा. हे मी कंपनीत असताना बोलू शकत नव्हतो, आता बोलतो.

मालदीव आणि थायलंड थोडक्यात सांगतो, कारण नवीन लग्नं झालेली जोडपी पुढच्याच रांगेत आहेत. मालदीवला १९७२ मध्ये दोन रिसॉर्टपासून सुरुवात झाली, आणि एका बेटावर एकच रिसॉर्ट ही तिथली पद्धत. त्यामुळे एकांत मिळतो, पण दुसरा पर्याय मिळत नाही. बेटावर वडापावची गाडी नसते. जेवणासकटचं पॅकेज घ्या, आणि विमानतळावरून बेटावर नेणाऱ्या बोटीचे किंवा सीप्लेनचे पैसे वेगळे आहेत का ते आधी विचारा. तिथेच लोक फसतात. जरूर जा. लक्झरी हे पाप नाही. मी आयुष्यभर ती विकली आहे आणि कधीमधी कंपनीच्या खर्चाने उपभोगलीही आहे.

पण त्या महागड्या खोलीत नेमकं काय विकत मिळतं, हे मी सांगू का? गादी तर आपल्याही घरी असते. मासळी त्यापेक्षा चांगली मालवणात मिळते. विकत मिळते ती एक गोष्ट : सकाळी उठल्यावर चहा दुसऱ्या कोणीतरी केलेला असतो.

भगिनीवर्गातून टाळ्या आल्या, पुरुषांकडून नाही. याची नोंद इतिवृत्तात घ्यावी!

मंडळी, गंमत सोडा. आपण म्हणतो, आम्ही दरवर्षी गावी जातो, अजून कसली सुट्टी? पुरुष जातो, बंडी घालून पडवीत बसतो, जुन्या मित्रांना भेटतो, त्याची सुट्टी होते. बाईची काय होते? इथे चार माणसांचा स्वयंपाक, तिथे चौदांचा. इथे गॅस, तिथे चूल. इथे नळ, तिथे विहीर. सासर म्हणून डोक्यावर पदर वेगळा. आमच्या घरात माझ्या आईने सत्तर वर्षांत समुद्र किती वेळा पाहिला असेल? घर समुद्रापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर. पाण्यात पाय बुडवून ती उभी आहे, असं मला एकदाही आठवत नाही. मासे घ्यायला ती किनाऱ्यावर जायची, टोपली भरली की परत. तिला कोणी अडवलं नव्हतं. पण "जरा बसून येते गं समुद्रावर" असं म्हणायची भाषाच तिच्याकडे नव्हती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की वर्षातून तीन रात्री तरी आपल्याच किनाऱ्यावर, पण आपल्या घरी नाही, पैसे देऊन पाहुणे म्हणून राहावं. निवास-न्याहारी योजना आहे, नोंदणी केलेली घरगुती राहायची सोय तारकर्ली-देवबागपासून आंजर्ल्या-दिवेआगरपर्यंत सगळीकडे मिळते. देवबाग तर अशी जागा आहे की एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये नारळाची चिंचोळी पट्टी. सकाळचं ऊन नदीवर घ्यावं, संध्याकाळचं समुद्रावर. तिथे जी बाई रांधून वाढते तिला तिच्या कामाचे रोख पैसे मिळतात, तिच्या हातात मिळतात, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सरकारने २०२३ मध्ये पर्यटनात उतरणाऱ्या बायकांसाठी 'आई' नावाचं धोरण आणलं, कर्जावरच्या व्याजाला मदत मिळते. आपल्या गावाकडच्या भावजयांना, पुतण्यांना हे सांगा.

आणि थंडीत तिथे असतं काय काय! आंब्याला मोहोर आलेला असतो. त्रिपुरीनंतर सिंधुदुर्गात देवळादेवळांच्या जत्रा सुरू होतात, मध्यरात्री दशावतार उभा राहतो, बाहेर खाज्याची दुकानं. अलिबागकडे वालाच्या शेंगांची पोपटी लागते. पोपटी आपल्याकडेही लागते म्हणा, आपल्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर बी विंगच्या मुलांनी गेल्या वर्षी लावली होती आणि अग्निशमन दलाला फोन गेला होता. मंडणगड तालुक्यात वेळासला, नाना फडणवीसांच्या गावी, ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ती अंडी राखायला सुरुवात केली. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक ती समुद्राकडे तुरुतुरु जाताना बघायला येतात आणि गावातल्या घरांतच राहतात, जेवतात. तिथे एसी नाही, टीव्ही नाही. पिल्लं कधी निघतील तेही कोणी सांगू शकत नाही. पहाटे उठून उभं राहायचं, निघाली तर निघाली.

उल्हासनगरच्या पाच नंबरमधले एक सिंधी गृहस्थ माझे जुने गिऱ्हाईक. व्यापारी माणूस, पण दर जानेवारीत दुकान मुलावर टाकून आठ दिवस गोव्याला. फिरायचं काही नाही, कॅसिनो नाही, बोट नाही. समुद्राकडे तोंड करून खुर्ची टाकायची आणि बसायचं. मी एकदा विचारलं, शेठ, कंटाळा येत नाही? ते म्हणाले, "मेरा बाप कराची का था. मनोरा का समंदर, क्लिफ्टन का समंदर, सारी उमर बोलता रहा. बैरक में रहे, फिर भी बोलता रहा." फाळणीनंतर ही मंडळी कल्याणजवळच्या लष्कराच्या रिकाम्या छावणीत आली, १९४९ मध्ये त्या छावणीचं उल्हासनगर झालं, समुद्र राहिला तिकडे. पण अरबी समुद्र एकच ना. कराचीला लागतो तोच कळंगुटला लागतो. शेठ बापाच्या वाटणीचं बसून येतात.

आता मी ज्या गोष्टीसाठी खरं तर उभा राहिलो, ती सांगतो. ज्यांची आहे त्यांना विचारलं आहे, ते आज खाली बसलेत, नाव घेऊ नका एवढंच म्हणाले.

आपल्याच सोसायटीतले सभासद. गुहागर तालुक्यात समुद्राला लागून त्यांची वाडी होती, नारळ-पोफळीची, तिघा भावांत. २००६ मध्ये ती विकली. इथल्या फ्लॅटचं कर्ज होतं, आईचं आजारपण होतं, गावी बघणारं कोणी नव्हतं. विकली यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्या पैशातून कर्ज फिटलं. गेल्या वर्षी त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलगी नोकरीला लागलेली, म्हणाली, आईबाबांना तीन दिवस मस्त समुद्रावर पाठवते, पैसे मी भरणार. मोबाइलवर दोन-तीन जागा निवडून दाखवायला माझ्याकडे आली, मागोमाग तेही आले. एका फोटोत निळ्या फरशीचा पोहायचा तलाव, त्यामागे नारळ, आणि नारळाखाली जांभ्या दगडाच्या कठड्याची गोल विहीर, वर शोभेसाठी ठेवलेला रहाट. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला आणि म्हणाले, "ही आमची विहीर आहे."

मुलगी म्हणाली, मग दुसरीकडे जाऊ. ते म्हणाले, नको, तिथेच कर. मीच बुकिंग केलं. हे दोघं गेले, राहिले, जागा उत्तम ठेवली आहे म्हणाले. फाटकावरच्या पोराने वही पुढे केली. नाव, गाव, कुठून आलात. गावाच्या रकान्यात त्यांनी 'बदलापूर' लिहिलं.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांना हल्ली एजंटचे फोन येतात. "समुद्रापासून तीनशे मीटर, सातबारावर तुमचं नाव आहे, बसल्या जागी पैसे देतो." विमानतळ झाला, रस्ता रुंद होतोय, भाव वाढलाय, हे खरं आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, १९९८ च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली, २०२१ च्या ऑक्टोबरात चिपीला विमान उतरलं. 'जरा चांगलं' मागणारी सगळी गर्दी आता त्या तीनशे मीटरकडे निघाली आहे. म्हणजे आपण इथे पैसे साठवून जे विकत घ्यायला बघतो, तेच तिकडे आपण विकायला काढतो, आणि दोन्ही व्यवहारांत भाव दुसराच कोणी ठरवतो.

विकू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. प्रत्येकाच्या घरी कर्ज आहे, फी आहे, दवाखाना आहे. पण सही करण्याआधी काही गोष्टी माहीत असाव्यात. वारस नोंद झाली आहे का ते बघा. आजोबांचंच नाव सातबारावर असेल तर एजंट एकेका चुलत भावाला वेगवेगळं गाठतो आणि शेवटच्याला मिळेल ते घ्यावं लागतं. दुसरं, सीआरझेड. "तुमची जागा सीआरझेडमध्ये आहे, काही बांधता येत नाही, मिळतंय ते घ्या" असं सांगून भाव पाडतात. किनारा नियमनाची अधिसूचना १९९१ ची, ती २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये बदलली. २०१९ च्या नियमात ग्रामीण भागात चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामबंदी, बाकी गावांत २०० मीटर. आणि स्थानिकांना असलेल्या घरात, जोतं न वाढवता, पाहुणे ठेवायची मुभा आहे. म्हणजे 'काहीच करता येत नाही' हे धादांत खोटं आहे. ज्या घराला आपण पडकं म्हणतो त्याची कौलं नीट केली आणि एक संडास-बाथरूम नीट बांधलं, तर त्याच घराचा भाव गोव्यात 'हेरिटेज' म्हणून लावतात. तिसरं, शेतजमीन आपल्या राज्यात सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. सगळी विकून टाकलीत आणि उद्या पोराला पाच गुंठे घ्यावेसे वाटले, तर त्याच्या शेतकरी असण्यालाच आडकाठी येऊ शकते. म्हणून विकायचीच तर सगळी विकू नका. विहिरीसकट पाच गुंठे राखा, आणि समुद्राकडे जायची पायवाट कागदावर राखा.

पुरे. अध्यक्ष घड्याळ बघताहेत. जाता जाता तरुण मुलांसाठी एक महत्त्वाचं. थंडीतला समुद्र शांत दिसतो, म्हणून तो घात करतो. २०१६ च्या १ फेब्रुवारीला, ऐन थंडीत, मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. तिथे वादळ नव्हतं. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नाहीत. तेव्हा कोळ्यांचं गणित पाठ करा : तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. बाराला ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जोरात चढतं आणि जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपास भांग, ओढ कमी. आपल्या तालुक्याच्या किनाऱ्यावर अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होईल, म्हणून पाण्यात उतरण्याआधी तिथल्या कोळणीला विचारा. तिने नको म्हटलं तर नको.

कमिटीने मान्य केलेली एक घोषणा करून बसतो. सोसायटीच्या फंडातून एक पैसाही न घेता, ज्याचा त्याने खर्च करून, मंगळवार २७ जानेवारीला आपण देवबागला निघतो आहोत, शनिवारी ३१ ला परत. गाडी मांडवी, ठाणे किंवा पनवेलला चढायचं, कुडाळला उतरायचं. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे परवाच्या शुक्रवारी, २८ तारखेला सकाळी. गुरुवारी रात्रीपर्यंत नावं आणि आधारचा नंबर सेक्रेटरींकडे द्या. ज्येष्ठांची नावं आधी, त्यांना खालचा बर्थ हवा असतो. सोबत स्टोव्ह, पोळ्यांचा डबा, लोणचं, इस्त्री यातलं काहीही आणायचं नाही. भगिनींनी तिथल्या स्वयंपाकघरात मदतीला जायचं नाही, यजमानीणबाईंना तसं बजावून ठेवलं आहे.

बुधवारी दशमी आहे. दहाचे साडेसात, म्हणजे सकाळी साडेसातला भरती, दीडला ओहोटी, दुपारनंतर फिरायला भरपूर वाळू मिळेल. गुरुवारी मात्र एकादशी येते. ज्यांना चालते त्यांच्यासाठी सुरमई, नाही चालत त्यांच्यासाठी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, असं ठरलं आहे. कोणाला काय हवं ते नावापुढे लिहा, म्हणजे तिथे पोचल्यावर वाद नको.